कम्प्युटर मधेच बंद पडतो? शोध भिंतीतल्या प्लगपासून सुरू करा

कम्प्युटर चालता-चालता बंद पडायला लागला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. सीपीयू (म्हणजे कम्प्युटरचा डबा) पोत्यात गुंडाळायचा आणि मोटारसायकलवर मांडीत धरून तालुक्याला न्यायचा. दुकानात तो दिवसभर सुरळीत चालतो. दुकानदार विंडोज नव्याने टाकून देतो. घरी आणून जोडला की संध्याकाळी पुन्हा तेच. या फेऱ्यात पैसे जातात, फॉरमॅट करताना पुष्कळदा लेकरांचे फोटो आणि गिऱ्हाइकांच्या फायलीही जातात. बिघाड मात्र घरीच असतो, बोर्डात, यूपीएसमध्ये, नाहीतर गावच्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) येणाऱ्या लाइनमध्ये.

ज्यांनी सीपीयूचं झाकण आजवर उघडलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गावात सेवा केंद्र चालवणारी मुलं-मुली, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, शाळेतला कम्प्युटर सांभाळणारे गुरुजी, लेकरांसाठी जुना डेस्कटॉप घेतलेले आईबाप. सामान फार लागत नाही. एक स्टार पेचकस, रंगाचा नवा कोरडा ब्रश, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक वही. क्रम मात्र पाळा. बाहेरून आत यायचं, आतून बाहेर जायचं नाही.

आधी वही, मग पेचकस

चार-पाच दिवस कशालाही हात न लावता फक्त लिहून ठेवा. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चाललं होतं, लाइन गेली-आली का, प्रिंट मारली होती का, सुरू करून किती वेळ झाला होता, बंद पडताना पडद्यावर काही दिसलं का. "काऊन बंद पडून राह्यला काही समजत नाही भाऊ, आपोआपच पडते" असं सांगणारेही वही भरली की स्वतःच म्हणतात, "प्रिंट मारली का पडते." तिथेच अर्धं काम होतं.

एक खात्री आधी करा. सीपीयूवरचा दिवा आणि पंखा चालू आहे आणि फक्त पडदा काळा झाला आहे, तर कम्प्युटर बंद पडलेलाच नाही. मॉनिटरची वायर ढिली असेल, मॉनिटर खराब असेल, किंवा कम्प्युटर झोपी गेला असेल. माउस हलवून, कीबोर्डची कळ दाबून बघा.

खरंच बंद पडत असेल तर तो कसा पडतो ते बघा. पडद्यावर "शटिंग डाउन" येऊन नीट बंद झाला, तर विंडोजनेच तो बंद केला आहे. अपडेट असेल, पॉवर सेटिंग असेल किंवा कुणाचा हात बटणाला लागला असेल. निळा पडदा येऊन पुन्हा सुरू झाला तर रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हरकडे (प्रिंटरसारखी साधनं चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) बघायचं. दिवा विझावा तसा एका क्षणात गेला, तर गोष्ट विजेची किंवा उष्णतेची आहे. आपल्या भागातल्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या प्रकारच्या असतात, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

विंडोजची स्वतःची नोंद

विंडोजही एक वही ठेवतं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम निवडा. बंद पडण्याच्या वेळेच्या आसपास कर्नल-पॉवर नावाची ४१ क्रमांकाची लाल नोंद दिसेल. ६००८ क्रमांकाचीही दिसू शकते. या दोन्हींचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. कारण त्या सांगत नाहीत. ४१ पाहून "कर्नल खराब झाला" म्हणत विंडोज बदलू नका.

त्याच नोंदीत डिटेल्स उघडून बगचेककोड शोधा. तो शून्य असेल तर बहुतेक वेळा वीज तुटली आहे किंवा मशीन जागच्या जागी गोठलं आणि कुणीतरी बटण दाबून बंद केलं आहे. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे, तुम्हाला तो दिसला नसला तरी. १०७४ ची नोंद असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने किंवा कोणत्या युजरने बंद करायला सांगितलं ते नावासकट लिहिलेलं असतं.

प्लग, वायर, बोर्ड

आता उठून भिंतीजवळ जा. स्विच बंद करून प्लग बाहेर काढा आणि त्याच्या पिना उजेडात बघा. एखादी पिन काळी पडली आहे, तिच्या बुडाचं प्लास्टिक वितळून फुगलं आहे, जळका वास येतो आहे, असं असेल तर आत ठिणग्या पडत आहेत. सॉकेटची पकड ढिली झाली की कुलरचा पंखा चालूच राहतो, कम्प्युटरला मात्र तेवढी तूट सोसत नाही. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जळकी पिन नवं सॉकेटही खराब करते.

सीपीयूच्या मागे लागणारी जाड काळी वायर हाताने घट्ट आत दाबा. सरकणाऱ्या टेबलावर ती हळूहळू बाहेर येते. एक्स्टेंशन बोर्डवर कुलर, मोबाइलचे चार्जर आणि कम्प्युटर एकत्र लावलेले असतील तर कम्प्युटरला भिंतीवरचं स्वतंत्र सॉकेट द्या. दोन दिवस नुसतं एवढं करून बघा.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. हा इशारा हलका घेऊ नका. सीपीयूच्या आत वीज पुरवणारा डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. चांगल्या एसएमपीएसमधूनही थोडी वीज पत्र्यावर येते, ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी कोरडी पडते. मार्च ते जून त्या खड्ड्यात नेमाने बादलीभर पाणी घाला आणि वायरमनकडून जोड तपासून घ्या.

गावची लाइन

मल्टिमीटर हाती घेण्यापूर्वी लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा. ती दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतो. मीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा, पायात चप्पल, हात कोरडे, बोटं प्लास्टिकच्या मागे. भीती वाटत असेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (परतीची तार) २३० च्या आसपास आकडा यायला हवा. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट चालतात. त्याहून बरेच जास्त येत असतील तर न्यूट्रल किंवा अर्थिंगची तक्रार आहे.

मोजणी सकाळी एकदा आणि बंद पडण्याच्या वेळी एकदा करा. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू असतं, थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात आणि शेवटच्या घरापर्यंत पोचणारा दाब (व्होल्टेज) १७०-१८० पर्यंत उतरू शकतो. पूर्वी पिवळा बल्ब मंद झाला की हे कळायचं. आता घरोघरी एलईडी आहेत आणि ते कमी दाबातही तसाच उजेड देतात, त्यामुळे "लाइन तर फुल आहे" असा समज होतो. एलईडीकडे बघून दाब ठरवू नका, मीटर लावा. दिवसाची आणि वेळेची नोंद करून आकडे लाइनमनला दाखवा. नुसतं "लाइन कमी येते" म्हणण्यापेक्षा वहीतले आकडे बरेच जास्त काम करतात.

यूपीएस आणि प्रिंटर

लाइन नुसती लपकली आणि कम्प्युटर गेला, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे असं धरून चाला. आपल्याकडच्या लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं टिकते, उष्णतेत त्याहूनही कमी. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा हिशेब आहे. टिनाच्या खोलीत, टेबलाखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या यूपीएसचं काय होत असेल ते यावरून समजा.

तपासणी अशी करा. कम्प्युटर नीट बंद करा. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या. मग त्यावर फक्त ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बल्ब पाच मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला. हजार-बाराशेचं काम आहे, त्यासाठी अख्खा यूपीएस टाकून देऊ नका. बदलताना यूपीएस बंद करून प्लग काढा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला लावा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं, उकिरड्यावर टाकू नका.

आता सेवा केंद्रांची हमखास तक्रार. दिवसभर काम होतं आणि सातबारा छापायला प्रिंट दिली की सगळंच बंद. लेझर प्रिंटर पावडर कागदावर पक्की करण्यासाठी आतला रोलर तापवतो आणि त्या क्षणी कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. दोन्ही एकत्र बसत नाहीत. यूपीएस ओव्हरलोड होतो आणि कम्प्युटरसकट सगळं बंद करतो. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन यूपीएसवर कधीच लावू नका, थेट भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला द्या. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला बाहेर रांग उभी असते, अर्ज अर्धा भरलेला असतो आणि कम्प्युटर जातो. त्या माणसाला पुन्हा दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून यावं लागतं. एक प्लग हलवून हे टळणार असेल तर तो आजच हलवा.

घरच्या इन्व्हर्टरवर कम्प्युटर चालवत असाल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि इको असे दोन खटके आहेत का बघा. इकोवर असेल तर लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो. कम्प्युटरचा एसएमपीएस विजेशिवाय जेमतेम पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरतो, म्हणून पंखा-दिवे नुसते लपकतात आणि कम्प्युटर रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर करा. मात्र त्यावर दाबाची मर्यादा अरुंद असते, दाब १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर जाईल. कमी दाबाच्या गावात त्यामुळे बॅटरी लवकर उतरते, हे ध्यानात ठेवा.

उन्हाळा, कापूस आणि कुलर

वहीत असं दिसलं की सुरू केल्यावर वीस मिनिटांनी बंद पडतो, लगेच पुन्हा सुरू केला तर पाचच मिनिटांत पडतो आणि तासभर थांबलं की पुन्हा वीस मिनिटं चालतो, तर तो तापतो आहे.

प्रोसेसरचं (कम्प्युटरच्या मुख्य चिपचं) तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. डिसेंबरात खोली २५ अंश असताना कामाच्या वेळी तो ७५ वर असेल, तर मे महिन्यात खोली ४२ झाल्यावर तेच काम करताना तो ९२ च्या घरात जातो. बहुतेक प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापत राहिले तर जळू नये म्हणून मशीन वीज तोडतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे हिवाळ्यात दबून राहिलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो.

तापमान बघायला कम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ची कळ दाबत राहा. बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगचा) पडदा येईल. हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ या नावाखाली सीपीयूचं (इथे सीपीयू म्हणजे प्रोसेसर) तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. काहीच काम नसताना तिथला आकडा ७५-८० च्या वर चढत राहिला किंवा पंख्याचे फेरे शून्य दिसले तर झाकण उघडायचं.

उघडण्यापूर्वी कम्प्युटर बंद करा, वायर यूपीएसमधून काढा (लाइन गेली असली तरी यूपीएसच्या सॉकेटमध्ये वीज असते), मग सीपीयूचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार जाऊ द्या. सगळं काम ओसरीत किंवा अंगणात करा.

आत प्रोसेसरवर पंखा दिसेल. तो वरून स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. कचरा त्याच्या खाली असतो, पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे. टॉर्च तिरपी धरून पात्यांच्या फटीतून बघा. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत हवेतले तंतू तिथे जाऊन बसतात, त्यावर सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ, त्यावर कुलरच्या हवेचा ओलावा. त्याचा करडा थर होतो, चिमटीत धरला की सलग निघतो. हा थर असेल तर पंखा कितीही जोरात फिरो, हवा पात्यांपर्यंत पोचतच नाही.

पंख्याची पाती बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून ठेवा आणि ब्रशने थर मोकळा करा. ब्लोअर मारत असाल तर पंखा फिरू देऊ नका, त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. ओलं फडकं तर अजिबात नाही. एसएमपीएसची जाळी बाहेरूनच साफ करा.

मग पंख्याच्या चार कोपऱ्यांच्या पिना तपासा. बऱ्याच इंटेल मशीनवर त्या प्लास्टिकच्या असतात आणि गावच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून नेताना एखादी निसटते. एक कोपरा उचलला की प्रोसेसर आणि पात्यांमध्ये फट पडते. चारही पिना सारख्या खाली बसल्या पाहिजेत. जुन्या मशीनवर मधली थर्मल पेस्ट (उष्णता पात्यांकडे नेणारा लेप) सुकून खडूसारखी झालेली असते. पंखा काढलाच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी मधोमध लावा. जास्त लावून फायदा नाही.

कुलरबद्दल एक विनंती. हवा गार लागते म्हणून सीपीयू कुलरच्या समोर ठेवू नका. पाण्याचे बारीक तुषार आणि त्यातले क्षार आत जाऊन सुकतात आणि मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात. कुलर खोलीसाठी चालवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, सीपीयू झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा.

एसएमपीएस

इथवर सगळं ठीक निघालं आणि जोराचं काम पडलं की कम्प्युटर जातो, किंवा बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो, तर एसएमपीएसवर संशय घ्या. बायोसमध्ये १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवी. मशीनला काम नसताना आकडा बरोबर दिसून भार पडल्यावर घसरू शकतो, म्हणून खरी परीक्षा दुसरा चालू एसएमपीएस लावून बघण्याचीच. शाळेत किंवा शेजारच्या केंद्रात तसंच मशीन असेल तर दिवसभरासाठी मागून घ्या.

एसएमपीएस उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहते. पाल किंवा उंदीर आत गेल्याचा वास आला तरी उघडायचं नाही, बदलायचं. मग सीपीयूच्या मागच्या रिकाम्या फटी पत्र्याने बंद करा.

नवा घेताना डब्यावरच्या "४५० वॅट" या आकड्यावर भरवसा ठेवू नका. स्वस्त मालावर तो नुसता छापलेला असतो. ८० प्लसचं चिन्ह (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र), लेखी वॉरंटी आणि पक्कं बिल मागा.

उरलेल्या गोष्टी

बटण: धुळीने सीपीयूचं बटण आत अडकलं तर चार सेकंदांनी मशीन आपोआप बंद होतं, कारण बटण दाबून धरलं की बंद व्हायचं हा नियमच आहे. सुरू झाल्यावर दर वेळी काही सेकंदांतच जात असेल तर पुढच्या पॅनलवरून मदरबोर्डला येणारी पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढा आणि त्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडून मशीन सुरू करा. नीट चाललं तर बटण दोषी.

यूएसबी: समोरच्या यूएसबीची पिन वाकून शॉर्ट झाली तर काही मदरबोर्ड पडद्यावर सूचना देऊन १५ सेकंदांत बंद होतात. सगळ्या यूएसबी काढून बघा.

रॅम: निळा पडदा येत असेल तर पट्टी काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत परत बसवा. मग स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधून चालवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

मदरबोर्ड: गोल कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा त्यातून तपकिरी द्रव आलेला दिसला तर घरी करण्यासारखं काही उरलं नाही.

गोल नाण्यासारखा सेल: तारीख-वेळ मागे जात असेल तर हा सीआर२०३२ बदला. चुकीच्या तारखेमुळे सरकारी पोर्टल उघडत नाहीत. पण मधेच बंद पडण्याचं खापर त्याच्यावर फोडू नका, ते सहसा खरं नसतं.

जून लागला आणि विजा कडाडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, नेटची वायरही काढा.

तालुक्याला न्यायची वेळ आली तर

आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर फायली काढून घ्या. मशीन सुरूच होत नसेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा की फायली काढल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही, आणि ते पावतीवर लिहून घ्या. सोबत वही न्या. यूपीएसही न्या, नाहीतर निम्मी तपासणी होणारच नाही. दुकानात तो भार टाकून तासभर चालवून बघायला सांगा. सीपीयू नेताना गादी किंवा जाड चादर खाली घ्या, मदरबोर्डची बाजू खाली करून आडवा ठेवा, म्हणजे पंख्याचा भार पिनांवर ओढला जात नाही. परत आणल्यावर झाकण उघडून त्या चार पिना पुन्हा एकदा बघा आणि मगच वायर लावा.